धूर येण्याआधीचे शनिवार

परवा ऑफिसातून येताना कॉलनीच्या फाटकाशी बसमधून उतरलो आणि सातविणीचा वास अंगावर आला. दिल्लीत ऑक्टोबर असाच येतो. दिवसा अजून पंखा लागतो, स्वेटर कपाटातच असतात. पण दिवेलागण झाली की रस्त्याकडेच्या त्या उंच झाडांवरची पांढुरकी हिरवी फुलं उघडतात आणि सबंध वस्तीवर एक दाट, गोड, डोकं धरायला लावणारा वास पसरतो. माझी मुलगी निशू इथेच जन्मली, इथेच वाढली. तिला मी एकदा म्हटलं, "सातवीण आली बघ." ती म्हणाली, "कोण सातवीण? मम्माच्या चर्चमधली आंटी?"

लोकांना हा वास आला की दिवाळीची साफसफाई आठवते. आमच्याकडे रूथ बाल्कनीत जाऊन उभी राहते, दोन-तीन लांब श्वास घेऊन बघते, आणि आत येऊन म्हणते, "शनिवारी जाऊ या."

जायचं म्हणजे अरवलीत. मानेसरच्या पुढे कारखान्यांची वस्ती संपली की किकराची, म्हणजे बाभळीची झुडपं, मोरांचे आवाज आणि बोडके खडक सुरू होतात. पाऊस नुकताच संपलेला असतो. धूळ बसलेली, माती घट्ट, नाल्यांतून पाणी उतरलेलं आणि खाली धुतलेले गोटे. हवा अशी की मैलभर पलीकडची टेकडी हातानं उचलून घ्यावी. हे दिवस फार टिकत नाहीत. पानिपतच्या पलीकडच्या शेतांतून भाताची धसकटं जाळल्याचा धूर निघतो, इथल्या गाड्यांच्या आणि भट्ट्यांच्या धुरात मिसळतो, आणि एका सकाळी खिडकीबाहेर समोरची इमारतच नसते. त्या बाजूनं येणाऱ्या संकटाची मराठी माणसाला जुनी ओळख आहे, पण यात गंमत फारशी नाही. रूथसाठी तर मुळीच नाही.

रूथ माझी बायको. माहेर नगरचं. तिचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्याकडे एक जुनी, फटफट वाजणारी मोटरसायकल होती, आणि तिन्ही पोरींना त्यांनी ती चर्चच्या मागच्या मैदानात शिकवली. थोरल्या दोघी शिकून विसरल्या. रूथ विसरली नाही. पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत, विहिरींचं पाणी किती खोल गेलं ते मोजत तिनं हरयाणा-राजस्थानची गावं पालथी घातली. चाळिशी उलटल्यावर तिनं एक उंच, नांगराच्या बैलासारखी रुंद छातीची मोटरसायकल घेतली, खास दगडधोंड्यांत चालवायची. रविवारी चर्च असतं म्हणून शनिवारी टेकड्या. मी स्कूटरच्या पुढे कधी गेलो नाही. तिच्या मागून मोटारीनं जायचं, सावलीत थांबायचं, थर्मास सांभाळायचा, हे माझं काम. मला ते आवडतं. वाट बघायला चांगली जागा मिळाली की वाट बघण्यासारखं सुख नाही.

मग तिच्या फुफ्फुसांना सूज येण्याचं एक दुखणं निघालं. जीव घेणारं नव्हतं, पण धरून ठेवणारं होतं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "ह्या गोळ्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो." पुढे चंद्रासारखा झाला तो केवळ चेहराच नव्हे. श्वास परत मिळाला, खोकला गेला, रात्रीची झोप परत आली. आणि त्या बदल्यात रूथचं शरीर हळूहळू कुणा दुसऱ्याच बाईचं व्हावं तसं होत गेलं. गोळ्या कमी झाल्या तरी वजन गेलं नाही. नगरचे नातेवाईक म्हणाले, "तब्येत छान झालीय हो." चर्चमध्ये बाकावर शेजारची बाई सरकून जागा करून द्यायची, जरा जास्तच सरकून. ऑफिसातल्या कुणीतरी ओव्याचं पाणी सुचवलं, कुणी कारल्याचा रस. घरातला वजनकाटा एक दिवस न्हाणीघरातून उठला आणि माळ्यावर गेला. कुणी ठेवला ते मी विचारलं नाही. दवाखान्यात नर्स तिला काट्यावर उभी करायची तेव्हा रूथ माझ्याकडे नुसती बघायची आणि मी पडद्याबाहेर जाऊन थांबायचो. तो आकडा तिचा होता. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून फारसं काही लपवलं नव्हतं, आणि हेही लपवणं नव्हतं. दार लोटून घ्यावं, इतकंच होतं.

ज्या मोसमाची मला सारखी आठवण येते, तो त्यानंतरचा. दोन हिवाळे गाडी कापडाखाली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हवा साफ आहे तोवर बिनधास्त जा. धूर आला की घरात, आणि मग फेब्रुवारीपर्यंत नाव काढायचं नाही." म्हणजे हातात फक्त ऑक्टोबरचे काही शनिवार. रूथनं गाडी धुतली, बॅटरी बदलून आणली. जुनं चिलखती जाकीट अंगात जाईना तेव्हा तिनं ते शांतपणे घडी करून ठेवलं आणि मोठ्या मापाचं, पुरुषांचं मागवलं.

पहिल्याच शनिवारी मी टेकडीच्या पायथ्याशी उभा होतो तेव्हा गाडीचा आवाज वेगळा ऐकू आला. दर खड्ड्याला एक 'धाड'. लोखंडावर लोखंड. मागचं चाक वर येऊन थेट मडगार्डच्या आत आपटत होतं. गाडी मागे बसल्यासारखी, पुढे वर बघत चालली होती, हेडलाइटनं आभाळ शोधावं तशी. वळणावर ती वळायला मागत नव्हती. रूथ हँडल ओढायची आणि गाडी आपल्याच नादात बाहेर जायची. तिच्याबरोबर टेकड्यांत गाड्या चालवणाऱ्या गटातली बहुतेक मुलं तिशीतली, गुरुग्रामच्या कंपन्यांतली, मनानं चांगली. त्यांतला एक जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, गाड़ी तो बिल्कुल ठीक है, बस थोड़ा..." आणि थांबला. पुढचा शब्द त्यानं गिळला, पण आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला.

घरी आल्यावर रूथ म्हणाली, "विकून टाकू या."

"एवढ्यात?"

"हा मोसम बघते. नाही जमलं तर विकून टाकू. उगाच कापडाखाली कशाला कुजवायची."

ती रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती मोसंबी सोलत होती. माझ्या हातात एक फोड ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

गटातल्याच कुणीतरी हरमीतचं नाव सांगितलं. मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप. पूर्वी स्वतः शर्यती करायचा, आता इतरांच्या गाड्यांचं सस्पेन्शन लावून देतो. गेलो तर दारातच एक प्रचंड सरदारजी मोड्यावर, वेताच्या बुटक्या बैठकीवर, बसलेला. मोडा दिसतच नव्हता. बोलायला मोठा, फुशारकी मारायला त्याहून मोठा. जिंकलेल्या शर्यती त्यानं चहा यायच्या आत सांगून टाकल्या. पण रूथची गाडी आत घेताच त्याचा आवाज खाली आला. त्यानं सीटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"मॅडम, कंपनी गाड़ी किसके लिए बनाती है, पता है? एक दुबला-पतला आदमी है उनके दिमाग में। आज तक मुझे मिला नहीं वो।"

रूथ हसली. पुष्कळ दिवसांनी.

त्यानं समजावून सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. मागच्या चाकाला एक जाड स्प्रिंग असते. स्वार बसला की ती थोडी दबली पाहिजे, म्हणजे खड्डा आला की चाक खाली पोचतं आणि दगड आला की वर जायला त्याला जागा उरते. रूथ बसली की स्प्रिंग दगड येण्याआधीच दबून जात होती. वर जायला जागाच उरत नव्हती. स्प्रिंगच्या माथ्यावरची चकती पिळून तिला आणखी आवळता येतं, पण त्यानं ती बळकट होत नाही. "कमज़ोर को दबाओगे तो मज़बूत नहीं होता, चिड़चिड़ा हो जाता है," हरमीत म्हणाला. उपाय एकच. जाड स्प्रिंग मागे, पुढच्या दोन्ही दांड्यांतही, आणि त्याला साजेसं तेल.

"वज़न कितना है आपका?"

रूथनं एक आकडा सांगितला. मी समोरच्या भिंतीवरच्या पान्यांकडे बघत होतो. हरमीतनं मान डोलावली, "काफ़ी है," म्हणाला आणि तिथल्या तिथे फोन लावून स्प्रिंगा सांगितल्या. मोजलं काहीच नाही. इतक्या गाड्या हाताखालून गेलेल्या माणसाला टेप कशाला लागतो, असा त्याचा एकूण थाट होता.

स्प्रिंगा आल्या, बसल्या, आणि पुढच्या शनिवारी सुरुवात चांगली झाली. पायवाटेवर 'धाड' बंद होती. मी पुढे जाऊन नाल्याच्या पलीकडच्या काठावर उभा राहिलो. तिथे खाली गोट्यांत उतरायचं आणि समोर गुडघाभर उंचीची खडकाची पायरी चढून वर यायचं. मुलं एकेक करून चढली. रूथ उतरली, गोटे पार केले, पायरीशी गाडीचं पुढचं चाक वर आलं. मागचं खडकावर आदळलं, आणि तोच आवाज झाला. गाडीनं मागून लाथ मारावी तसं तिला डावीकडे फेकलं.

दोघं-तिघं धावले. ती उताणी पडून होती. "थांबा," ती म्हणाली, "मी उठते." कुणी हात लावला नाही. नाल्यात एक टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. रूथ श्वास जमवत होती. मी वरून तिच्या जाकिटाची छाती वर-खाली होताना बघत होतो आणि माझाही श्वास त्याच मापानं घेत होतो. बराच वेळ लागला. मग ती कुशीवर वळली, गुडघ्यावर आली, उभी राहिली. मांडीला मार होता, क्लचची दांडी मोडली होती. बाकी काही नाही.

गाडी टेम्पोत चढवली. मोटारीत बसल्यावर तिनं हातमोजे काढले आणि म्हणाली, "इतकं करूनही तिला मी पेलत नाही."

मी मोटार सुरू केली. माणसं आपल्याला पेलत नाहीत हे ऐकायची सवय असते. पण एखाद्या बाईनं लोखंडाची माफी मागितल्यासारखं बोलावं, हे काही तरी फार उलट होतं. त्या एका वाक्यामागे तिनं तोवर न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी होत्या. लग्नाच्या पंगतीत प्लॅस्टिकची खुर्ची हळूच हातानं दाबून बघणं. विमानात पट्टा पुरेल ना म्हणून आधीच घाम फुटणं. शिंप्यानं टेप गुंडाळताना आकडे मनातल्या मनात न ठेवता उगाच मोठ्यानं सांगणं. ती हे सगळं त्या दिवशी बोलली नाही, नंतर केव्हा केव्हा बोलली. पण त्या दिवसापासून मला खुर्च्या दिसायला लागल्या.

हरमीतनं दांडी बदलली. गाडी का आपटली ते त्याच्या मनाला खात होतं. "आज नापते हैं," तो म्हणाला. "पूरे सामान के साथ बैठिए। बूट, हेल्मेट, पानी का बैग, सब।" दुपारची वेळ होती. शेजारच्या कारखान्यात कसलंसं प्रेस मशीन ठोके देत होतं आणि दर ठोक्याला टेबलावरचा चहा थरथरत होता. मला त्यानं टेप धरायला लावला. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डवर त्यानं खडूनं केलेल्या खुणेपर्यंत मोजायचं. आधी चाक हवेत लटकतं असताना. मग गाडी जमिनीवर, मोकळी. मग रूथ वर बसून, हरमीतनं पुढून हँडल धरलेलं. मी जमिनीवर गुडघे टेकून तिच्या बुटाशेजारी बसलो होतो. चर्चमध्येही मी तिच्याशेजारी इतक्या एकाग्रतेनं कधी गुडघे टेकले नसतील.

गाडी फार दबत होती. हरमीतनं चकती पिळली. पुन्हा मोजलं. आणखी पिळली. शेवटी रूथ बसल्यावरचं माप बरोबर आलं, पण ती उतरली तर गाडी टाचा उचलून उभी राहिली; स्वतःच्या वजनानं जी थोडी बसायला हवी, ती बसेचना. हरमीतनं दाढीत बोटं घातली.

"ऐसा होना नहीं चाहिए। आपके वज़न के लिए ये स्प्रिंग बिल्कुल सही है। ये तो किसी और भारी आदमी का हिसाब आ रहा है।"

त्यानं खडूची खूण पुन्हा एकदा बघितली.

"समझ गया," तो एकदम तापला. "उसने ग़लत स्प्रिंग भेजी है। छाप कुछ और, माल कुछ और। अभी उसकी ख़बर लेता हूँ।" त्यानं फोन काढला. आणि खरंच, किती सोपं होतं ते. दूर कुठल्याशा गोदामातला एक न पाहिलेला माणूस. त्यानं चार शिव्या ऐकल्या असत्या, आडमुठेपणानं नाही म्हटलं असतं, आणि शेवटी कंटाळून दुसरी जाड स्प्रिंग पाठवली असती. रूथला एक शब्द बोलायची गरज नव्हती.

ती पुन्हा गाडीवर बसली होती, पाय दोन्हीकडे टेकून, हेल्मेट डोक्यात. काचेआड तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"फ़ोन मत कीजिए," ती म्हणाली.

हरमीतनं ऐकलं नाही, तो नंबर शोधत होता.

"फ़ोन मत कीजिए, भाई साहब. स्प्रिंग में कोई गड़बड़ नहीं है. मैंने वज़न कम बताया था."

मग तिनं हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि खरा आकडा सांगितला. हिंदीत. स्पष्ट आवाजात, हजेरी द्यावी तसा. आमच्या घरात जो मराठीत कधी उच्चारला गेला नव्हता, तो मी मानेसरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, हातात टेप धरून, जमिनीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा ऐकला. तो मी इथे लिहिणार नाही. अजूनही तो तिचाच आहे.

हरमीतनं फोन खिशात टाकला. त्याच्या तोंडावर दया आली असती तर मला वाटतं रूथ तिथून उठून गेली असती. तो म्हणाला, "बूट-हेल्मेट के साथ, कि बिना?"

"बिना."

"फिर सामान का जोड़ना पड़ेगा," असं पुटपुटत तो मनाशी हिशेब करू लागला. हिशेब झाल्यावर मात्र त्यानं मान वर केली. "ग़लती मेरी है, मॅडम. पहले दिन ही नापना था. मैं पूछ के बैठ गया. वज़न कोई पूछने की चीज़ है?" आणि मग, बहुधा तिला एकटं वाटू नये म्हणून, त्यानं स्वतःचं वजन सांगितलं, ते इतक्या खणखणीत आवाजात की प्रेस मशीनच्या दोन ठोक्यांमधल्या शांततेत ते पलीकडच्या कारखान्यातही पोचलं असावं. तिकडून कुणीतरी "वाह सरदारजी!" म्हणून ओरडलं. रूथ हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे पुसायला तिच्याकडे फक्त हातमोजे होते.

परतताना हायवेवर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली होती. पाळी सुटली होती. आम्ही त्या रांगेत मुंगीच्या पावलानं सरकत होतो.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"आता झालं."

"हो."

थोड्या वेळानं, समोर बघतच, "काय वाटलं?"

मी खरं तेच सांगितलं. "मला वाटलं होतं, जास्त असेल."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर तिनं हातमोज्याचा असा फटका मारला की मागच्या बसवाल्यानं हॉर्न दिला. हसून हसून तिला खोकला आला. त्या खोकल्याची मला भीती वाटली नाही.

नव्या स्प्रिंगेची वाट बघण्याचे ते दिवस मला फार लख्ख आठवतात. रोज सकाळी उठून आधी खिडकी. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या स्वच्छ दिसल्या की एक दिवस मिळाला. वारा पुरवा आहे की पछवा, म्हणजे पूर्वेचा की पश्चिमेचा, हे मी पानवाल्याला विचारू लागलो. निशू म्हणायची, "बाबा, तू ना शेतकऱ्यासारखा आभाळाकडे बघतोस, यार." एका संध्याकाळी सूर्य तांबडा, कडा नसलेला, पापडासारखा मावळला आणि जेवताना आम्ही दोघंही सारखे खिडकीकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी वारा फिरला. स्प्रिंग शुक्रवारी सकाळी मानेसरला पोचली. दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

ह्या वेळी हरमीतनं आधी मोजलं, मग बसवली, पुन्हा मोजलं. गाडी मोकळी असताना जेवढी बसायला हवी तेवढी बसली. रूथ बसल्यावर जेवढी दबायला हवी तेवढी दबली. मी टेपवरचा आकडा वाचला, त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही, तो स्वतः वाकला, आणि वाकणं त्याला सोपं नव्हतं. मग त्यानं सीट दाबून सोडली. गाडी उसळून वर आली. त्यानं खालचा एक लहानसा स्क्रू किंचित फिरवला. जाड स्प्रिंग दबते कमी, पण परत येताना जोरानं फेकते. आतल्या तेलानं तिला जरा धरून ठेवायचं असतं. दाबलं, सोडलं, फिरवला. चार-पाच वेळा असं झाल्यावर गाडी वर आली ती झोपाळ्यावरून पाय टेकवत उतरावं तशी. "अब," हरमीत म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही. फुशारकी मारायची वेळ खरं तर तीच होती.

शनिवार कोवळा, थंड, निळा उजाडला. नाल्याच्या काठावर मी त्याच जागी उभा राहिलो. रूथ उतारावरून आली, ती पाय टेकायच्या खुंट्यांवर उभी राहून, गुडघे सैल सोडून. गोट्यांतून गाडी तिच्या खाली पाण्यासारखी हलत होती आणि ती स्वतः वर स्थिर होती. पायरी आली. पुढचं चाक चढलं. मागचं चाक खडकाला भिडलं, दबलं, दबत गेलं, आणि कुठेतरी आत, जिथे मला दिसत नव्हतं तिथे, त्या स्प्रिंगेनं तिचा सगळा भार अंगावर घेतला आणि तिला वर उचलून दिलं. एवढंच झालं. मी थर्मासचं झाकण उघडून कपात चहा ओतायला सुरुवात केली, आणि ती माझ्यासमोरून न थांबता निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. किकरांच्या आड, वळणावर, वरच्या धारेकडे. इंजिनचा आवाज लहान होत गेला. चहा निवला, मी तो प्यालो, दुसरा ओतला.

ती परत आली तेव्हा ऊन चढलं होतं. हेल्मेट काढलं तर केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. तिनं कप घेतला, फुंकर घातली आणि म्हणाली, "वर एक तळं आहे रे. पावसाचं. मला माहीतच नव्हतं." विहिरींचं पाणी मोजणाऱ्या बाईला इतक्या वर्षांत न दिसलेलं तळं. पुढचा सगळा वेळ ती त्या तळ्याबद्दलच बोलत होती. खडक कुठला, पाणी किती दिवस टिकेल, काठावर कुणाच्या पावलांचे ठसे होते. गाडीबद्दल एक शब्द नाही.

सोमवारी धूर आला. इतका दाट की समोरची इमारत गेली, टाक्या गेल्या, दुपारी दिवे लावावे लागले. खिडक्या बंद, हवा गाळायचं यंत्र सुरू, रूथ सोफ्यावर पांघरूण घेऊन फायली वाचत बसलेली. एका मोसमात एकच धड शनिवार मिळाला होता. मी हळहळलो. ती म्हणाली, "मिळाला ना." गाडीवर तिनं स्वतः कापड टाकलं, आणि विकायचं नाव काढलं नाही.

आजार गेलेला नाही. मधूनच डोकं वर काढतो, गोळ्या वाढतात, कमी होतात. वजनही गेलेलं नाही. त्याबद्दल सल्ले देणारेही नाहीत गेले. काही ऑक्टोबरमध्ये बाल्कनीत उभी राहून ती श्वास घेऊन बघते आणि आत येऊन काहीच बोलत नाही, मग मी समजतो. पण ह्या वर्षी श्वास चांगला आहे. गेल्या शनिवारी आम्ही गेलो होतो. गटात दोन नवीन मुलं आणि एक नवीन मुलगी आलेली. सगळे नाल्यापाशी थांबून चहा पीत होते. मला काय वाटलं कोण जाणे, इतकी वर्षं काठावर उभं राहून झाल्यावर मी म्हटलं, "रूथ, एकदा मी बसू का मागे? ते तळं तरी बघेन."

तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, हरमीत गाडीकडे बघतो तसं.

"नाही," ती म्हणाली. "तू बसलास की सगळं बिघडेल. ही माझ्या वजनाला लावलीय."

सगळ्यांसमोर म्हणाली. हिंदीत पुन्हा सांगितलंही, नव्या मुलीला नीट कळावं म्हणून. त्या मुलीनं विचारलं, "कैसे लगाते हैं, मॅम?" आणि रूथ तिला घेऊन गाडीच्या मागे उकिडवी बसली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत बोट फिरवून दाखवू लागली. मी पँटचे पाय मोज्यांत खोचले, पाण्याची बाटली घेतली, आणि तळं बघायला चालत निघालो.